‘मला आधीच वाटत होतं’ या वाक्यामागे काय असतं?

२१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार. दक्षिण वेल्समधल्या ॲबरफॅन गावात पँटग्लास प्राथमिक शाळेची मुलं नुकतीच वर्गात येऊन बसली होती. दुपारी शाळा सुटली की सत्राच्या मधली सुट्टी लागणार होती. गावाच्या डोक्यावर डोंगराच्या उतारावर कोळशाच्या खाणीने वर्षानुवर्षं टाकाऊ मालाचे ढिगारे रचले होते. कित्येक दिवसांच्या पावसाने भिजलेला त्यातला एक ढिगारा सकाळी सव्वानऊच्या सुमारास सुटला आणि काळ्या चिखलाचा लोंढा होऊन खाली आला. वाटेतली घरं आणि शाळा त्याखाली गाडली गेली. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं होती.

गेलेल्या मुलांत दहा वर्षांची एक मुलगी होती. आदल्या दिवशी तिने आईला थांबवून रात्री पडलेलं स्वप्न सांगितलं होतं. मी शाळेत गेले तर तिथे शाळाच नव्हती, सगळ्यावर काहीतरी काळं येऊन पडलं होतं, असं. तिच्या आईवडिलांनी ही हकिकत नंतर गावातल्या एका धर्मोपदेशकाला सांगितली, त्याने ती लिहून घेतली आणि दोघांनी खाली सह्या केल्या.

हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा. अशा गोष्टीवर खांदे उडवून ‘योगायोग’ म्हणून पुढे जाणारा माणूस मला आवडत नाही. पण ‘बघा, तिला भविष्य दिसलं होतं’ म्हणून तिथेच थांबणाऱ्यालाही काहीतरी महत्त्वाचं दिसायचं राहून जातं. काय राहून जातं, ते जरा सावकाश बघू.

दुर्घटनेनंतर लगेच गावात पोचलेल्यांमध्ये डॉ. जॉन बार्कर नावाचे एक मानसोपचारतज्ज्ञ होते. श्रूजबरीच्या शेल्टन रुग्णालयात ते काम करत. त्या काळात त्यांच्या अभ्यासाचा विषय जरा वेगळाच होता: निव्वळ भीतीने माणूस मरू शकतो का? ॲबरफॅनमध्ये त्यांच्या कानावर अशा बऱ्याच गोष्टी आल्या. कुणाला आदल्या रात्री स्वप्न पडलं होतं, कुणाच्या मनात सकाळपासून पाल चुकचुकत होती. बार्करांनी लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ या दैनिकाचे विज्ञान-पत्रकार पीटर फेअरली यांना गाठलं, आणि दुर्घटनेला आठवडा होतो तोच दैनिकात आवाहन छापून आलं: ढिगारा कोसळण्याआधी कुणाला याची खरीखुरी जाणीव झाली असेल, तर कळवा.

७६ पत्रं आली. त्यांतली ६० बार्करांना विचारात घेण्याजोगी वाटली. आणि त्यांपैकी २२ जणांच्या बाबतीत, त्यांनी हे दुर्घटनेआधी दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं होतं याला आधार मिळाला. पत्रांत काळा ढग होता, गुदमरणं होतं, किंचाळणारं मूल होतं.

बावीस म्हणजे पुष्कळ की थोडे? इथूनच खरी अडचण सुरू होते, कारण एकट्या बावीसला काही अर्थ नाही. किती स्वप्नांपैकी बावीस, हे ठाऊक असल्याशिवाय तो आकडा आपल्याला काहीच सांगत नाही.

त्या वेळी ब्रिटनची लोकसंख्या साधारण साडेपाच कोटी होती. समजा, काळोख्या लोंढ्याखाली माणसं किंवा मुलं गाडली जाताहेत असलं भयंकर स्वप्न एखाद्या रात्री दहा लाखांतल्या एकालाच पडतं. म्हणजे फारच दुर्मीळ. तरीही देशभरात दर रात्री अशी पंचावन्न स्वप्नं झाली. दुर्घटनेच्या आधीचे दोन आठवडे धरले तर सातशे सत्तर. हा दहा लाखांचा आकडा मी मनाने धरलेला आहे. तुम्ही तो दहापट कमी करा, एक कोटीत एक धरा. तरी सत्त्याहत्तर स्वप्नं उरतात. आता हे खरं की आवाहन लंडनच्या एकाच दैनिकात आलं होतं आणि स्वप्न पडलेला प्रत्येक जण काही पत्र लिहायला बसत नाही. पण पत्र लिहिणाऱ्या सगळ्यांना नेमका लोंढाच दिसला होता असंही नाही. कित्येकांना नुसतं गुदमरल्यासारखं झालं होतं किंवा काळं काहीतरी दिसलं होतं. जाळं जितकं रुंद, तितके मासे जास्त.

आणि जी स्वप्नं खरी ठरली नाहीत, त्यांची पत्रं कुठे आहेत? मूल बुडाल्याचं स्वप्न पडून घामाघूम होऊन उठलेली आणि सकाळी मूल नेहमीसारखं दूध पिऊन शाळेत गेलेलं बघून ते विसरून गेलेली आई कुणाला पत्र लिहीत नाही. हा मुद्दा फार जुना आहे. ग्रीक विचारवंत डायगोरस याला कुणीतरी देवळातली चित्रं दाखवली, नवस बोलल्यामुळे जहाज बुडताना वाचलेल्या लोकांची. त्यावर त्याने विचारलं म्हणतात, की नवस बोलूनही जे बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत? रोमन लेखक सिसेरोने ही गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे.

बार्करांना हे कळत नव्हतं असं अजिबात नाही. मला त्यांच्याविषयी आदर वाटतो तो इथेच. घडून गेल्यावर गोळा केलेल्या आठवणींनी काही सिद्ध होत नाही हे त्यांनी ओळखलं, आणि मग योग्य तेच केलं: घडण्याआधी नोंद करायची. जानेवारी १९६७ पासून ‘इव्हनिंग स्टँडर्ड’च्या कचेरीत एक नोंदणी केंद्र सुरू झालं. ज्याला जे काही ‘जाणवेल’ ते त्याने कळवायचं, त्यावर तारीख-वेळ पडायची, आणि पुढे बातम्यांशी ते ताडून बघायचं. ११ गुणांची मोजपट्टीसुद्धा ठरली: भाकित किती अनपेक्षित आहे याला पाच, तपशील किती जुळतो याला पाच आणि वेळ साधली तर एक.

पहिल्या वर्षात ४६९ भाकितं आली. खरी ठरली अशी नोंद झालेल्यांची संख्या वीसच्या आतच राहिली, आणि त्यांतलीही बरीचशी दोनच व्यक्तींची होती. एक संगीत आणि नृत्य शिकवणाऱ्या बाई, दुसरा एक टेलिफोन ऑपरेटर. या ऑपरेटरने मार्च १९६७ मध्ये विमान अपघात होऊन १२३-१२४ माणसं जातील असं कळवलं होतं. महिन्याभराने, २० एप्रिलला, सायप्रसमध्ये निकोसियाजवळ एक प्रवासी विमान कोसळलं आणि १२६ जण गेले.

आकडा इतका जवळचा आल्यावर मनाला चटका बसतोच. पण भाकितात काय होतं आणि काय नव्हतं तेही बघायला हवं. तारीख नव्हती, गाव नव्हतं, कंपनी नव्हती. प्रवासी विमानांचे मोठे अपघात त्या काळात आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होत. मुदतच नसलेल्या भाकिताला खोटं ठरण्याची भीती नसते, ते फक्त अजून खरं ठरायचं बाकी असतं. या केंद्रामुळे एकही दुर्घटना टळली नाही. कोणतं विमान थांबवायचं, कोणती गाडी रद्द करायची, हे सांगता येईल इतकं नेमकं काही हाती कधी आलंच नाही.

त्याच दोघांनी पुढे खुद्द बार्करांनाच इशारा दिला की तुमच्या जिवाला धोका आहे. भीतीने माणूस मरतो का, याचा अभ्यास करणाऱ्याला असा निरोप मिळावा! ऑगस्ट १९६८ मध्ये मेंदूतली रक्तवाहिनी फुटून बार्कर गेले. वय अवघं ४४. यावरून काही सिद्ध करायला जाऊ नये, ना इकडचं ना तिकडचं. मात्र कुणाच्या मरणाचं भाकित त्याच्या तोंडावर सांगणं निरुपद्रवी असतं, असं मी तरी म्हणणार नाही.

आता आठवणींकडे येऊ, कारण ‘मला आधीच वाटत होतं’ हे वाक्य नेहमी नंतरच बोललं जातं. आणि बोलणारा खोटं बोलत नसतो.

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं ‘चॅलेंजर’ अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी एमरी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर आणि त्यांच्या सहकारी निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: ही बातमी तुम्हाला कुठे, कशी, कुणाकडून कळली? अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा तेच प्रश्न विचारले. ११ जणांचं, म्हणजे चौथ्या हिश्शाचं, मुख्य मुद्द्यांतलं एकही उत्तर पहिल्या नोंदीशी जुळलं नाही. वर्गात ऐकलेली बातमी आता खोलीतल्या टीव्हीवर पाहिलेली झाली होती. तरी आपली आठवण पक्की आहे याची खात्री बहुतेकांना होती. सगळ्यांत बोलकं त्यापुढचं आहे. त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी काहींचं मत बदललं नाही. अक्षर माझंच आहे, पण झालं होतं ते असं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आठवण दरवेळी नव्याने जुळवली जाते. आणि जुळवताना आज ठाऊक असलेली माहिती तिच्यात मिसळते. गुरुवारी संध्याकाळी उगाच हुरहूर वाटली होती, कारण कळत नव्हतं. शुक्रवारी बातमी आली. सोमवारपर्यंत ती हुरहूर ‘मुलांचं काहीतरी होणार असं वाटत होतं’ अशी झाली, आणि महिन्याभरात तिला डोंगर आणि काळा रंगही चिकटला. यात कुठेही लबाडी नाही. म्हणूनच बार्करांच्या पत्रांतली ती बावीस सगळ्यांत मोलाची, कारण तिथे दुसरा साक्षीदार होता. मात्र साक्ष घेतली गेली ती दुर्घटनेनंतरच.

याहून एक मजेशीर प्रयोग आहे. एखाद्या नव्या जागी ‘हे आधी घडलंय’ असं वाटतं ना, त्याच्याबरोबर कित्येकांना ‘आता पुढे काय होणार तेही मला ठाऊक आहे’ असंही वाटतं. कोलोरॅडो राज्य विद्यापीठात ॲन क्लीअरी यांनी हेच तपासलं, २०१८ मध्ये त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. संगणकावर बनवलेल्या जागांतून माणसांना फिरवायचं. काही जागांची मांडणी आधी दाखवलेल्या दुसऱ्या जागेसारखीच, फक्त वस्तू वेगळ्या: तिथे कुंपण होतं, इथे त्याच ठिकाणी भिंत. वळण यायच्या आधी थांबवायचं आणि विचारायचं, आता डावीकडे की उजवीकडे? ‘हे आधी घडलंय’ असं ज्यांना वाटत होतं, त्यांना वळण कुठे आहे याची खात्रीही जास्त होती. पण उत्तरं बरोबर येण्याचं प्रमाण नाणं उडवून जेवढं येईल तेवढंच. म्हणजे भविष्य कळल्याची भावना अगदी खरी, आणि कळलेलं मात्र काहीच नाही. ही दोन वेगवेगळी कामं आहेत, हे या प्रयोगाने जितकं स्वच्छ दाखवलं तितकं दुसऱ्या कशाने दाखवलेलं मला माहीत नाही.

मग प्रयोगशाळेत खरोखर कुणाला आधी कळलंय का? २०११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या डॅरिल बेम यांनी नऊ प्रयोगांचा निबंध एका प्रतिष्ठित मानसशास्त्रीय नियतकालिकात छापला. हजाराहून जास्त माणसांवरचे प्रयोग, आणि निष्कर्ष असा की माणसांना पुढचं थोडंसं कळतं. एका प्रयोगात पडद्यामागे कोणत्या बाजूला चित्र येणार ते ओळखायचं होतं. काही प्रकारच्या चित्रांसाठी लोकांनी ५० ऐवजी ५३ टक्के वेळा बरोबर ओळखलं होतं. इतरांनी तेच प्रयोग पुन्हा केले, तेव्हा तो फरक गायब झाला. पण या निबंधाने एक मोठं काम केलं. नेहमीच्या, मान्य पद्धती वापरून जर असा निष्कर्ष निघू शकतो, तर आमच्या इतर निष्कर्षांचं काय, असा प्रश्न मानसशास्त्रज्ञांना पडला. २०१५ मध्ये शंभर प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, आणि जेमतेम ३६ टक्क्यांत पहिल्यासारखा ठोस निकाल मिळाला. प्रयोगाआधीच आपलं गृहीतक आणि पद्धत जाहीर नोंदवून ठेवण्याची शिस्त त्यानंतर बरीच रुजली. बार्करांनी वर्तमानपत्राच्या कचेरीत हेच करायला घेतलं होतं, तेही १९६७ साली.

इथवर वाचून कुणाला वाटेल की म्हणजे सगळं थोतांड. तसं मला म्हणायचं नाही. मला म्हणायचंय ते पुढे आहे, आणि त्यासाठी पुन्हा ॲबरफॅनला जायला हवं.

कोसळलेला ढिगारा हा तिथला सातवा. तो १९५८ मध्ये रचायला सुरुवात झाली, आणि रचला तो झऱ्यांवर. ते झरे सरकारी नकाशात दाखवलेले होते. १९४४ मध्ये चौथा ढिगारा घसरला होता. १९६३ मध्ये खुद्द सातवा घसरला होता. त्याच वर्षी जुलैत नगरपालिकेच्या अभियंत्याने खाण चालवणाऱ्या राष्ट्रीय कोळसा मंडळाला पत्र लिहिलं होतं, आणि विषयातच लिहिलं होतं की पँटग्लास शाळेच्या मागे टाकल्या जाणाऱ्या गाळापासून धोका आहे. १९६४ मध्ये एका नगरसेविकेने बैठकीत सांगितलं की हा ढिगारा सरकला तर सगळ्या शाळेवर संकट येईल. शाळेच्या परिसरात काळं पाणी शिरायचं. १९६५ मध्ये दोन आयांनी त्याबद्दल मुख्याध्यापिकेकडे सह्यांचा अर्ज दिला. दुर्घटनेच्या दिवशी सकाळी साडेसातला ढिगाऱ्यावर पोचलेल्या कामगारांना माथा कित्येक फूट खचलेला दिसला. वर फोन चालत नव्हता, म्हणून एक जण निरोप घेऊन पायी खाली गेला.

चौकशी आयोगाचं काम ७६ दिवस चाललं, १३६ साक्षीदार तपासले गेले. ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला. दोष राष्ट्रीय कोळसा मंडळाचा, असं त्याने निःसंदिग्धपणे सांगितलं. ही गोष्ट दुष्टपणाची नव्हे, तर अज्ञानाची, गलथानपणाची आणि एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत न पोचण्याची आहे, असं त्यात म्हटलं होतं. तरी कुणावर खटला झाला नाही, कुणाची नोकरी गेली नाही.

म्हणजे ॲबरफॅनमध्ये काय होणार हे आधी कळलं होतं. स्वप्नात नव्हे, भर दिवसा, कागदावर, सह्यांनिशी. पत्रं होती, बैठकीतलं बोलणं होतं, आयांचा अर्ज होता. ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ला आलेल्या ७६ पत्रांपेक्षा १९६३ चं ते एक पत्र कितीतरी नेमकं होतं. त्यात जागा होती, कारण होतं, आणि कुणी काय करायला हवं तेही कळत होतं.

आणि ती मुलगी? ती त्या डोंगराच्या पायथ्याशी वाढत होती. शाळेपर्यंत येणारं काळं पाणी तिने पाहिलं असणार. मोठ्या माणसांचं आपसातलं बोलणं मुलांच्या कानावर पडतच असतं. पाऊस तर कितीतरी दिवस लागून राहिला होता. तिच्या मनात काय चाललं होतं हे आता कुणीच सांगू शकत नाही, पण तिचं स्वप्न उद्याच्या दिवसातून आलं असं मानायची मला गरज वाटत नाही. तिच्या खिडकीबाहेर जे रोज दिसत होतं, त्यातूनही ते येऊ शकतं. माझ्या दृष्टीने यामुळे ती गोष्ट हलकी होत नाही, जड होते.

घडण्याआधी जाणवणं खरोखर असतं ते असं. खुणा आधीच समोर असतात. मन त्या टिपतं, पण शब्दांत मांडत नाही, आणि आपल्यापर्यंत पोचते ती फक्त अस्वस्थता. घरात दूध उतू जायच्या क्षणभर आधी हात आपोआप गॅसच्या बटणाकडे जातो. कुणी विचारलं तर सांगता येत नाही की कोणता आवाज बदलला.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी १९८० च्या दशकात अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. क्लीव्हलंडच्या एका अधिकाऱ्याने त्यांना सांगितलं की माझ्याकडे अतींद्रिय शक्ती आहे. तो आपल्या माणसांना घेऊन एका बैठ्या घरात शिरला होता. आग मागच्या बाजूला, स्वयंपाकघरात. त्यांनी पाण्याचा मारा केला, पण आग दबली नाही. दिवाणखान्यात मागे येऊन पुन्हा मारा केला, पुन्हा तेच. अचानक त्याला काहीतरी चुकतंय असं वाटलं आणि त्याने सगळ्यांना बाहेर पडायला सांगितलं. ते बाहेर पडले आणि ज्या जमिनीवर उभे होते तीच खाली कोसळली. आग तळघरात होती. घराला तळघर आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

क्लाइन यांनी त्याला खोदून खोदून विचारलं. तेव्हा एकेक धागा बाहेर आला. स्वयंपाकघरातल्या एवढ्याशा आगीच्या मानाने दिवाणखाना फारच तापला होता. एवढ्या उष्णतेच्या मानाने आवाज फारच कमी होता, कारण मधल्या जमिनीने तो अडवला होता. पाण्याने जेवढा फरक पडायला हवा तेवढा पडत नव्हता. शेकडो आगी पाहिलेल्या माणसाच्या मनात आग कशी वागते याचा नमुना पक्का बसलेला असतो. समोरची आग त्यात बसत नव्हती. का बसत नाही हे कळायच्या आत, बसत नाही एवढं मात्र त्याला कळलं. त्याला तो शक्तीचा प्रकार वाटला, पण खरं तर ते कित्येक वर्षांच्या अनुभवाचं फळ होतं.

क्लाइन यांच्या सहकारी बेथ क्रँडल यांनी हाच प्रकार नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात पाहिला. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला तर तासांत खेळ संपतो. अनुभवी नर्सना तपासणीचा निकाल यायच्या आधीच ‘या बाळाचं काहीतरी बिनसतंय’ असं वाटायचं, आणि ते बऱ्याचदा खरं निघायचं. कशावरून, असं विचारलं तर सुरुवातीला सांगता यायचं नाही. एकेक प्रसंग बारकाईने उलगडत नेल्यावर खुणा सापडत गेल्या: रंगातला सूक्ष्म फरक, हात लावल्यावर मिळणारा मंद प्रतिसाद, पोटाचा किंचित फुगवटा. यांतल्या काही तेव्हाच्या पाठ्यपुस्तकांत नव्हत्या, आणि काही तर मोठ्यांच्या लक्षणांच्या उलट होत्या. नर्सच्या मनात होतं ते लिहून काढल्यावर नव्या नर्सना शिकवता येऊ लागलं. मला हा सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

पण अशी जाणीव प्रत्येक क्षेत्रात तयार होत नाही. २००९ मध्ये क्लाइन आणि डॅनियल काहनेमन या दोघांनी मिळून एक निबंध लिहिला. एक अंतर्ज्ञानावर विश्वास असणारा, दुसरा त्यातल्या चुका दाखवण्यात आयुष्य घालवलेला. दोघांचं एकमत झालं ते असं की दोन अटी लागतात. ज्या गोष्टीचा अंदाज घ्यायचा तिच्यात खरोखर काही नियमितपणा हवा, आणि आपला अंदाज बरोबर आला की चुकला हे वारंवार, लवकर कळायला हवं. आगीत दोन्ही आहे, नवजात बाळांच्या विभागात आहे. शेअर बाजारातल्या एखाद्या शेअरच्या उद्याच्या भावात नाही, लॉटरीच्या आकड्यात नाही. तिथे ‘आतून वाटतंय’ म्हणणाऱ्याची खात्री कितीही मोठी असो, तिच्याखाली जमीन नसते.

ॲबरफॅनबद्दल वाचताना आपल्याला माळीण आठवल्याशिवाय राहत नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या त्या गावावर डोंगर आला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडी. दरड कोसळण्याआधी डोंगर बहुतेक वेळा काहीतरी सांगत असतो: उताराला नवी भेग पडते, झाडं आणि खांब कलतात, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होतं किंवा आटतं, घराची दारं चौकटीत अडकायला लागतात. डोंगरात आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘यंदा डोंगराचं लक्षण बरं दिसत नाही’ असं वाटत असेल, तर त्यामागे अशा खुणा असू शकतात. त्याला नेमकं काय दिसलं हे विचारून तिथे जाऊन बघणं, हे त्या जाणिवेचं खरं मोल करणं आहे.

एक जाणीव अशीही आहे जिचा उगम समोरच्या खुणांत नसतो, ती शरीरातून येते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर इरुकांजी नावाची एक चिमुकली जेलीफिश असते. तिचा डंख इतका किरकोळ की पुष्कळांना कळतही नाही. साधारण अर्ध्या तासाने पाठीत, पोटात असह्य कळा येतात, रक्तदाब चढतो, आणि त्याबरोबर एक ठाम खात्री होते: आपण आता मरणार. योग्य उपचार मिळालेले बहुतेक रुग्ण वाचतात, पण त्या तासांत ते मनापासून मरणाची वाट बघत असतात. १९६१ मध्ये केर्न्सचे डॉ. जॅक बार्न्स यांनी हा त्रास याच जेलीफिशमुळे होतो हे दाखवण्यासाठी तिचा डंख स्वतःला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका जीवरक्षकाला करून घेतला. तिघांनाही रुग्णालयात दाखल करावं लागलं. डंखामुळे शरीरात ॲड्रिनॅलिनच्या जातीच्या रसायनांचा पूर येतो, आणि मरणाची खात्री त्या पुराबरोबरच येत असावी असं मानलं जातं.

रोज धडधडणारी काळजी याहून वेगळी ओळखता येते. चिंतेचा विकार असलेल्याला ‘काहीतरी वाईट होणार’ हे आठवडेच्या आठवडे, समोर काही असो वा नसो, वाटत राहतं. ती खोटी म्हणून झिडकारायची नाही, पण ती उद्याबद्दल काही सांगत नाही. तिच्यावर औषध आहे, समुपदेशन आहे, आणि त्याने बरं वाटतं. याउलट, आजवर कधी असं न म्हणालेला माणूस एकाएकी घाबराघुबरा होऊन ‘मला काहीतरी होतंय, मी वाचत नाही’ म्हणाला, तर तिथे वेळ दवडू नये. हृदयविकाराचा झटका, फुप्फुसात अडकलेली रक्ताची गाठ, औषधाची किंवा मधमाशीच्या डंखाची तीव्र ॲलर्जी, या सगळ्यांत ही भावना इतर लक्षणांच्या बरोबरीने, कधी त्यांच्याही आधी येते. वैद्यकाच्या पुस्तकांत ती लक्षणांच्या यादीतच आहे.

रक्त चढवताना तर ती नर्सना आवर्जून शिकवलेली असते. चुकीच्या गटाचं रक्त चालू झालं, तर ताप, थंडी, कमरेतली कळ यांच्याबरोबर रुग्ण एवढंच म्हणू शकतो की मला कसंतरीच होतंय, काहीतरी वाईट होणार आहे. तेव्हा पहिल्यांदा रक्त बंद करायचं, सलाईनने शीर चालू ठेवायची, डॉक्टरांना बोलवायचं, आणि पिशवीवरचं नाव आणि गट रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीशी पुन्हा ताडून बघायचा.